यात हाड कुठे आहे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका २७ वर्षांची आहे. गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या बाजूला. संगणकशास्त्रातली पदवी घेऊन गेली पाच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करते. लहानपणी शेताच्या धुऱ्यावर सापडणारे ‘वेगळे’ दगड ती डब्यात जमवायची. त्यातले काही डायनासोरच्या काळातले असू शकतात, हे तिला कॉलेजात गेल्यावर कळलं. दोन वर्षांपासून रात्री जागून ती एक सिम्युलेशन लिहिते आहे. त्यात पडद्यावरचे काल्पनिक जीव अन्न शोधतात, पिल्लं घालतात आणि पिढ्यांगणिक बदलत जातात. भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांना तिने ते दाखवलं. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे, पण यात हाड कुठे आहे?” तेव्हापासून ती खचली आहे. नोकरी सोडून भूशास्त्राची एम.एस्सी. करावी, की पदवी नसलेल्या माणसाला या क्षेत्रात जागाच नाही, असं ती विचारते. संगणक आणखी ताकदवान झाले की नामशेष प्राणी जसेच्या तसे जिवंत करून पाहता येतील, दगड गोळा करायची गरजच संपेल, मग तोवर थांबलेलं बरं, असंही तिला वाटतं. आई म्हणते, हातची नोकरी सोडू नकोस, आता लग्नाचं बघू.

तुम्ही अगं-तुगं केलंत तर बरं वाटेल, असं तू शेवटी लिहिलं आहेस, म्हणून तसंच लिहिते.

मी बरीच वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं आहे, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे. हाड कुठे आहे, हा प्रश्न तुला टोमणा वाटला. तो टोमणा असेलही. सरांच्या मनात काय होतं, ते तुला किंवा मला सांगता यायचं नाही. पण प्रश्न म्हणून तो इतका चांगला आहे की तू त्याला पाठ दाखवू नयेस. तुझ्या पत्रातलं सिम्युलेशनचं वर्णन मी दोनदा वाचलं. तुझे जीव जन्मतात, खातात, बदलतात, मरतात आणि मेल्या क्षणी मेमरीतून पुसले जातात. तुझ्या जगात कुणी गाळात रुतत नाही, कुणाचं कवच मागे उरत नाही. पुराजीवशास्त्राचं, म्हणजे जीवाश्मांवरून जुने जीव अभ्यासण्याचं, सगळं काम मेल्यानंतर सुरू होतं, आणि नेमका तो भाग तुझ्या कोडमध्ये नाही. त्याकडे मी पुन्हा येते, कारण तुझ्यासाठीची खरी वाट तिथेच आहे असं मला वाटतं.

आधी तुझ्या एका गृहीतकाबद्दल बोलू. संगणकाची ताकद वाढली की भूतकाळ आपोआप दिसू लागेल, असं तू धरून चालली आहेस. टिरॅनोसॉरस रेक्स हा अवाढव्य मांसाहारी डायनासोर किती जोरात धावायचा, या प्रश्नाचा प्रवास पाहा. २००२ साली जॉन हचिन्सन आणि मारियानो गार्सिया यांनी एवढंच मोजलं की धावण्याचा धक्का पेलायला पायांत किती स्नायू लागतील. पद्धत आधी मगर आणि कोंबडी यांच्यावर तपासून घेतली. सहा हजार किलोची कोंबडी कल्पिली, तर तिला पळायला तिच्या अंगात मावणारच नाहीत इतके स्नायू लागले असते. ताशी ७० किलोमीटरच्या दाव्यांना तिथेच खीळ बसली. २००७ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम सेलर्स आणि फिलिप मॅनिंग यांनी संगणकात स्नायूंसकट सांगाडा उभा केला आणि कुठला स्नायू कधी आखडायचा हे संगणकालाच पिढ्यान्‌पिढ्या चाचपडून शोधू दिलं. तुझ्या जिवांसारखंच. उत्तर आलं ताशी सुमारे २९ किलोमीटर. तीच पद्धत त्यांनी माणूस, एमू आणि शहामृग यांनाही लावून पाहिली होती. मग २०१७ मध्ये सेलर्स आणि सहकाऱ्यांनी त्यात एकच अट वाढवली : हाडावर किती ताण येतो तेही बघायचं. ती अट घालताच धावणंच बाद झालं, कारण तसा धावला असता तर त्याच्या पायाची हाडं टिकली नसती. उरली ती फक्त चाल. आणि २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या एका गटाने शेपटीच्या नैसर्गिक हेलकाव्यावरून त्याची रमतगमत चाल काढली. ती निघाली ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तुझ्या-माझ्या चालण्याएवढी.

या पंधरा-वीस वर्षांत संगणक कितीतरी पटींनी वेगवान झाले. पण २००७ आणि २०१७ मधला मोठा फरक पडला तो ‘हाड मोडू शकतं’ हे कुणीतरी लिहून टाकल्यामुळे. सरांचा प्रश्न अक्षरशः हाच होता. मॉडेल तुला भूतकाळ दाखवत नाही. तू जे धरून चाललीस त्याचा परिणाम काय होतो ते दाखवतं, आणि ते हाडाशी, ठशाशी, आज जिवंत असलेल्या प्राण्याशी जुळतं का, हे तुलाच जाऊन बघावं लागतं. जर्मनीत थुरिंगियामध्ये सापडलेल्या, सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या ओरोबेटीस या चार पायांच्या प्राण्यावर २०१९ मध्ये जे काम झालं, ते मला फार आवडतं ते यासाठीच. त्या लोकांकडे सांगाडा होता आणि त्याच प्राण्याच्या पाऊलखुणाही होत्या. संगणकात शेकडो चाली चालवून त्यांनी चाळण लावली : सांध्यात हाडावर हाड आदळतं का, तोल राहतो का, शक्ती किती खर्च होते, पाऊल ठशात बसतं का. सालमँडर, इग्वाना अशा जिवंत प्राण्यांची चाल शेजारी ठेवली आणि शेवटी एक रोबोट बांधून तो चालवून पाहिला. पडद्यावर प्राणी सुंदर हलतोय, याला तिथे कुणी पुरावा मानलं नाही.

मग तुझ्यासारख्या, कुठल्याच खऱ्या प्राण्याशी न जुळलेल्या सिम्युलेशनचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. खऱ्या पृथ्वीवर काय घडलं ते आपल्याला कधीच पूर्ण कळणार नाही. तुझ्या जगात मात्र कोण कुणापासून झालं, कोण कधी संपलं, याची एकूण एक नोंद तुझ्याजवळ आहे. उत्तरपत्रिका तुझ्याकडे आहे. त्यामुळे पुराजीवशास्त्रज्ञ ज्या पद्धतींनी उत्तरं काढतात, त्या पद्धतींचीच परीक्षा तू घेऊ शकतेस.

हा विचार जुना आहे. १९७३ मध्ये डेव्हिड राउप, स्टीफन जे गूल्ड, टॉमस शॉफ आणि डॅनियल सिम्बरलॉफ यांनी केवळ योगायोगाने फुटणाऱ्या आणि खुंटणाऱ्या वंशशाखा संगणकावर वाढवल्या. काही शाखा वाढून मग मावळलेल्या दिसल्या, अगदी खऱ्या जीवाश्मांच्या आलेखांसारख्या. ज्यामागे आपण मोठाली कारणं शोधतो ते निव्वळ नशिबानेही घडू शकतं, हे त्यातून लोकांना उमगलं. १९८१ मध्ये इतरांनी दाखवलं की त्यांच्या झाडांत जाती फार थोड्या होत्या, म्हणून योगायोगाचा खेळ मोठा दिसत होता. खऱ्या आकड्यांजवळ गेलं की खऱ्या शाखा इतक्या सहज नशिबावर ढकलता येत नाहीत. मॉडेल चुकलं आणि नेमकं कुठे चुकलं ते कळलं, याचं मोल मी कमी मानत नाही. आज याच कामासाठी रेव्होसिम नावाचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. ते २०१९ मध्ये रसेल गारवुड, ॲलन स्पेन्सर आणि मार्क सटन यांनी मांडलं. हे तिघेही जीवाश्मांवर काम करणारे आहेत. त्यात परिसर म्हणजे रंगीत चित्र आणि जिवाचा जनुकसंच म्हणजे शून्य-एकची माळ. तू ते उतरवून घे आणि तुझ्या कोडशेजारी ठेवून वाच. दोन वर्षं जे एकटीने केलंस, त्याला घरगोत आहे हे तुला दिसेल.

आता हाड घालायचं कसं? तुझ्या जगात मरण अर्धवट आहे, ते पूर्ण कर. मेलेल्यांपैकी फारच थोडे टिकू दे, हजारात एखादा म्हण. तेही पाणथळ चौकटीत मेले तरच. मऊ भाग गळून जाऊ दे, कठीण तेवढं राहू दे. मधले काही थर धुऊन टाक. उरलेलं एका फाइलमध्ये घे आणि तुझ्या जगाचा इतिहास ठाऊक नसलेल्या मित्राला दे. त्याला विचार : किती जाती होत्या? कोण आधी संपलं? त्याच्या उत्तराशी तुझी खरी नोंद ताडून बघ. एक गोष्ट तुला हमखास आढळेल. कुठल्याही जातीचा शेवटचा सापडलेला नमुना तिच्या खऱ्या अंताच्या आधीचा असतो. त्यामुळे एका दणक्यात झालेला संहारसुद्धा नोंदीत हळूहळू घडल्यासारखा दिसतो. फिलिप सिग्नोर आणि जेरे लिप्स यांनी हे १९८२ मध्ये मांडलं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर गेले ते एकदम की रेंगाळत, या वादात हा मुद्दा कळीचा ठरला. तू पुण्यात ज्या काळ्या बेसाल्टवर राहतेस, तो त्याच सुमारास वाहिलेला लाव्हा आहे. हा प्रयोग तुझ्या कोडमध्ये चार शनिवार-रविवारांत होण्यासारखा आहे, आणि तो झाला की सरांना द्यायला तुझ्याकडे उत्तर असेल.

दुसरं काम मी सुचवते ते खऱ्या दगडाचं. डायनासोर बाजूला ठेव, गोगलगाय घे. विदर्भात दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेला गाळ सापडतो, भूशास्त्रात त्याला अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळीच्या अशा थरांतले शंख-शिंपले स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात गोळा केले. त्यांच्याच नावाचं नागपुरात कॉलेज आहे. या थरांत फायसा प्रिन्सेपी नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय मुबलक असते. शंखाचा आकार कोडमध्ये कसा बांधायचा, ते राउप यांनी १९६० च्या दशकातच दाखवून ठेवलं आहे. १९६५ मध्ये त्यांनी असे शंख ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विद्युत लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर उमटवले होते. चार गोष्टी पुरतात : एका वेढ्यात शंख किती पटींनी वाढतो, तोंड अक्षापासून किती लांब आहे, एका वेढ्यात ते खाली किती सरकतं, आणि तोंडाचा आकार. अक्षापासूनचं अंतर एका जागी तीन मिलिमीटर असेल आणि पूर्ण वेढ्यानंतर सहा, तर वाढ दोन पट. पट्टी घेऊन फोटोवर मोजता येतं. या आकड्यांचे सगळे शक्य मेळ मांडले, तर खऱ्या प्राण्यांनी त्यातला लहानसा भागच वापरलेला दिसतो. बाकीची जागा रिकामी का, हा प्रश्न राउप यांच्या १९६६ च्या कामातून पुढे आला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

यात एक गंमत तुला कोड लिहिताना अडवेल, म्हणून आधीच सांगते. फायसा डावी असते : शिखर वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तोंड डाव्या हाताला येतं. आपल्या देवघरात ज्याला दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’, म्हणजे उजवा शंख म्हणतात, तो शास्त्रज्ञांच्या भाषेत डावाच आहे! कारण आपण निमुळती नळी वर धरून पाहतो आणि ते शिखर वर धरून पाहतात. शंख तोच, धरायची रीत उलटी. तेव्हा कोडच्या पहिल्या ओळीत शंख कसा धरला आहे ते लिही. आणि हे काम पूर्ण झाल्यावरही फायसा डावी का, हे तुझे आकडे सांगणार नाहीत. आकार रेखणं आणि कारण सांगणं यांत अंतर आहे, ते स्वतःच्या हाताने अनुभवलं की पुन्हा विसरता येत नाही.

दगड गोळा करायची गरज संपेल, असं तू लिहिलंस ते वाचून मात्र मला वाईट वाटलं, कारण तुझ्याच भागातली गोष्ट तुझ्यापर्यंत पोहोचली नाही असं दिसतं. तुमच्या तालुक्यातलं पिजदुरा, अभ्यासकांच्या लिखाणात पिसदुरा. तिथल्या शेतांत डायनासोरच्या हाडांबरोबर अश्मीभूत विष्ठाही सापडते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण ओळखले. डायनासोरच्या काळात गवत, आणि तेही एकापेक्षा अधिक प्रकारचं! तोवर गवताची ही विविधता नंतरची मानली जायची. २००४ मध्ये जगातल्या सर्वांत ताकदवान संगणकावर कुणी त्या काळच्या विदर्भाचं सिम्युलेशन केलं असतं, तरी त्यात गवताला जागा दिली नसती. ती जागा दगडाने दिली.

आणखी एक. अशा सिम्युलेशनांना लागणारी माहिती बहुधा पेलिओबायॉलॉजी डेटाबेस या जगभरच्या जीवाश्म-नोंदींच्या संग्रहातून घेतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यातल्या मागच्या तीस वर्षांच्या जीवाश्म-नोंदी तपासल्या, तेव्हा ९७ टक्के नोंदी श्रीमंत आणि वरच्या-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांच्या निघाल्या. भारत त्यांत येत नाही. म्हणजे नकाशावर आपण कोरे दिसतो ते इथे काही नव्हतं म्हणून नव्हे, तर फारसं नोंदलं गेलं नाही म्हणून. वरोऱ्याची माती ओळखणारी आणि कोड लिहिणारी मुलगी इथे ‘बाहेरची’ कशी?

आता नोकरी. आईचं म्हणणं मला पटतं, फक्त कारण वेगळं आहे. पुराजीवशास्त्रात पगारी जागा थोड्या आहेत, हे तुझ्यापासून लपवणं बरोबर नाही. भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला अनेक विद्यापीठांत बी.एस्सी.चं भूशास्त्र मागतात, त्यामुळे राजीनामा देऊन मग प्रवेशाचा विचार केलास तर अडकशील. परदेशात ब्रिस्टल विद्यापीठात पुराजीवशास्त्राचीच स्वतंत्र एम.एस्सी. आहे. सांगाड्यांच्या संगणकीय यांत्रिकीत ते नावाजलेलं ठिकाण आहे, पण तिथला खर्च कर्ज काढण्याएवढा असतो. मी तुझ्या जागी असते तर एक वर्ष नोकरी सांभाळून वरची दोन कामं केली असती, आणि मग अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं असतं. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत पुराजीवशास्त्राचा गट आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. लखनौला पुराविज्ञानाची बिरबल साहनी संस्था आहे, कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था. पत्रात ‘मला या विषयाची खूप आवड आहे’ एवढंच नको. मी हे केलं, हे इथे अडलं, यावर तुमचं मत हवं, असं लिही. दहांपैकी आठ पत्रांना उत्तर येणार नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

हाताला एक कसबही लावून घे. दगडाच्या आतलं हाड पाहायला आता सीटी स्कॅन करतात. त्यातल्या शेकडो कापांवर दगड कोणता आणि हाड कोणतं ते ओळखून वेगळं काढावं लागतं. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यासाठी माणसं कमी पडतात. त्यासाठी वापरता येणारं थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर मुळात वैद्यकीय चित्रांसाठी बनलं, म्हणून हे शिकलीस तर त्याचा उपयोग नोकरीच्या बाजारातही होतो. आईला हे सांग, तिला बरं वाटेल. लग्नाचा विषय मात्र तिच्याशी वेगळा बोल. नोकरीच्या बोलण्यात तो मिसळला की दोन्ही अर्धवट राहतात.

भूशास्त्र शिकणाऱ्या काही मुलांचीही मला पत्रं येतात, त्यांची अडचण नेमकी उलटी. दगड कळतो, कोडची भीती वाटते. त्यांना मी म्हणेन, सहा महिन्यांत आर किंवा पायथन या संगणकभाषेत मोजमापं मांडण्यापुरतं नक्की येतं. नाही जमलं तर या मुलीसारखा जोडीदार शोधा. वर सांगितलेली जवळजवळ सगळी कामं दोघा-चौघांनी मिळून केलेली आहेत.

शेवटी तुझा तो डबा. एकदा सहलीत माझ्या एका विद्यार्थ्याने सुरेख नमुना उचलून आणला, पण कुठल्या थरातून ते लिहिलं नाही. आम्ही दोन दिवस शोधलं, जागा सापडली नाही, आणि तो दगड कपाटात नुसता शोभेचा राहिला. म्हणून या दिवाळीत गावी जाशील तेव्हा डब्यातल्या प्रत्येक दगडाशेजारी आठवेल ते लिही : कुणाचं शेत, नांगरटीनंतर की पावसानंतर, विहिरीच्या मातीत की नाल्यात. आईला बरोबर घे, तिला तुझ्याहून जास्त आठवत असेल. नवीन काही दिसलं तर उचलू नकोस. ढगाळ वेळेला, शेजारी पट्टी ठेवून, सगळीकडून साठ-सत्तर फोटो काढ, एकात दुसऱ्याचा निम्मा भाग यायला हवा. मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातून त्रिमितीय मॉडेल बांधून देतं. जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेव, पण समाजमाध्यमांवर टाकू नकोस, दगड विकणारे ते वाचतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपूरला आहे, तिथे कळव. आणि मातीचा रंग लिहायला विसरू नकोस.